दहावीच्या इंग्रजी आकलनाची तयारी : नव्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

मराठी माध्यमाच्या दहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी ज्या शिक्षकांवर यंदा प्रथमच आली आहे त्यांच्यासाठी, तसेच संध्याकाळी कामावरून आल्यावर मुलांना पुस्तक घेऊन समोर बसवणाऱ्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेत तृतीय भाषा म्हणून असलेल्या इंग्रजीच्या पेपरात उतारा देऊन त्याखाली ज्या आकलनाच्या कृती विचारल्या जातात, त्यांची तयारी जूनपासून फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने कशी करून घ्यावी, एवढाच त्याचा विषय आहे.

प्रथम कृतिपत्रिका समोर ठेवा

लेखी पेपर, म्हणजेच कृतिपत्रिका, ८० गुणांचा आणि ३ तासांचा असतो. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. प्रचलित आराखड्यात ८० पैकी १० गुण भाषाभ्यासाला, २० गुण पाठ्यपुस्तकातील दोन उताऱ्यांना, १० गुण कवितेला, १५ गुण अपठित उताऱ्याला, २० गुण लेखनकौशल्याला आणि ५ गुण भाषांतराला आहेत. उतारे, कविता आणि अपठित यांची बेरीज केली तर ४५ होते. म्हणजे निम्म्याहून अधिक गुण समोरचा मजकूर वाचून समजण्यावर अवलंबून आहेत आणि त्यांतील १५ गुणांचा मजकूर मुलाने त्या क्षणापर्यंत कधीही पाहिलेला नसतो. दहा गुणांच्या प्रत्येक उताऱ्याखाली ए-१ ते ए-५ अशा पाच कृती येतात आणि प्रत्येकीला २ गुण असतात. पहिल्या दोन कृती उताऱ्यातील माहितीवर, तिसरी शब्दसंपत्तीवर, चौथी व्याकरणावर आणि पाचवी स्वमतावर असते. अपठितातील पहिल्या भागाला १० आणि सारांशाला ५ गुण असतात. हा आराखडा मुलांना जूनच्या पहिल्या आठवड्यातच फळ्यावर काढून दाखवावा आणि मंडळाने त्या वर्षी काही बदल केला आहे का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्यामुळे आज दहावीत बसलेले मूल दहाव्या वर्षी ही भाषा शिकत असते. इतक्या वर्षांनंतरही अपठित उतारा आला की पोरे हवालदिल होतात, याचे कारण शब्द कमी पडतात एवढेच नाही. बहुतेक वर्गांत धडा शिकवणे म्हणजे शिक्षकांनी एकेक वाक्य वाचायचे आणि लगेच त्याचे मराठी सांगायचे, असे चालते. मीही सुरुवातीची काही वर्षे असेच शिकवले. वर्ग शांत असे, माना डोलत, धडा समजल्याची खात्री वाटे. परंतु मुलांना माझे मराठी समजत होते, पानावरचे इंग्रजी नव्हे. सहामाहीत अपठित उताऱ्याखाली कोऱ्या जागा दिसू लागल्या, तेव्हा हे माझ्या लक्षात आले. तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो आहे आणि पुढे जे काही सांगणार आहे ते सारे त्यावर उभे आहे : मराठी वापरायचे ते मुलाला कळले की नाही हे त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी, त्याच्या आधी आपण अर्थ सांगून टाकायचा नाही.

मूल कोठे अडते ते शोधा

जून महिन्यात प्रत्येक मुलासाठी पाच मिनिटे काढावीत. ऑफ तासाला किंवा मधल्या सुट्टीत, एकेकट्याला जवळ बोलवावे. सगळ्या वर्गासमोर नको. आठवीच्या पाठ्यपुस्तकातील, मुलाच्या स्मरणात नसेल असा सात-आठ ओळींचा परिच्छेद मोठ्याने वाचायला द्यावा, नंतर पुस्तक मिटून काय वाचले ते मराठीत सांगायला लावावे आणि शेवटी एका साध्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत लिहून घ्यावे. एवढ्यात मूल तीनपैकी कोणत्या गटात आहे हे कळते.

पहिल्या गटातील मुलांना अक्षरेच नीट लागत नाहीत. 'थ्रू', 'थॉट', 'टफ' हे शब्द त्यांना एकसारखे दिसतात आणि ती पहिल्या अक्षरावरून अंदाजाने वाचतात. दुसऱ्या गटातील मुले घडाघडा वाचतात, पण पुस्तक मिटल्यावर त्यांना काहीच सांगता येत नाही. हा गट सर्वांत मोठा असतो आणि सर्वांत फसवा असतो, कारण वाचन ऐकून शिक्षकांना वाटते की मूल हुशार आहे. तिसऱ्या गटाला समजलेले असते, पण लिहिता येत नाही.

पहिल्या गटाला दहावीचे पुस्तक देऊन उपयोग नाही. या मुलांसाठी रोज पंधरा मिनिटे जोडीने मोठ्याने वाचन ठेवावे आणि वाचायला सोप्या गोष्टी द्याव्यात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्यांतील कित्येक मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. तीच गोष्ट आज मराठीत, उद्या इंग्रजीत वाचली की मुलाचा धीर वाढतो. दहावीच्या मुलाला लहान मुलांच्या गोष्टी देताना कमीपणा वाटू नये याची काळजी घ्यावी. घरी धाकट्या भावंडाला वाचून दाखवायला सांगितले तर तो प्रश्न उरत नाही.

वाक्य उकलायला शिकवा

दुसऱ्या गटासाठी जुलै ते दिवाळी हा काळ वाक्यावर खर्च करावा. उताऱ्यावर नव्हे, एकेका वाक्यावर. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते, हे मुलांना माहीत असते. पण वाक्य लांबले की ती ते विसरतात. एक वाक्य पाहा : 'द बॉय हू ब्रोक द विंडो रॅन अवे.' मी हे वाक्य दिल्यावर वर्गातल्या एका मुलीने अर्थ सांगितला, 'मुलाने काच फोडली आणि खिडकी पळाली.' वर्ग हसला, पण तिची चूक अगदी सरळ होती. 'रॅन' या क्रियापदाच्या लगेच आधी 'विंडो' हा शब्द आहे, म्हणून तिने तोच कर्ता धरला. जवळचे नाम तेच कर्ता, असे धरून चालणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.

यावर उपाय आपल्याच भाषेत आहे. मराठीतील 'जो-तो' ही जोडी मुलांच्या जिभेवर असते. 'ज्या मुलाने काच फोडली, तो पळून गेला' हे वाक्य तिला सांगायला लावले आणि मग विचारले, 'तो' कोण? 'ज्या'पासून 'फोडली'पर्यंतचा तुकडा कोणाविषयी माहिती सांगतो? इंग्रजी वाक्यात तोच तुकडा कोठे बसला आहे? तिने 'हू ब्रोक द विंडो' या शब्दांभोवती पेन्सिलीने कंस केला आणि उरलेले वाक्य वाचले : 'द बॉय रॅन अवे.' पुढच्या आठवड्यात अशी तीस वाक्ये तिने स्वतः सोडवली. 'हू', 'विच', 'दॅट', 'हूज' यांनी सुरू होणारा तुकडा कंसात टाकून उरलेले वाक्य आधी वाचायचे, एवढी एक सवय लागली तरी अपठित उताऱ्याची निम्मी भीती जाते.

दुसरी अडचण सर्वनामांची. मराठीत खुर्ची ती, पंखा तो आणि टेबल ते. इंग्रजीत या तिन्हींसाठी 'इट'. त्यामुळे उताऱ्यात पाच ठिकाणी 'इट' आले की ते प्रत्येक वेळी कशाबद्दल आहे, हे मुलाला लागत नाही. आदरार्थी बहुवचनाने आणखी एक घोटाळा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबद्दल आपण 'ते म्हणाले' असे म्हणतो, म्हणून मूल उत्तरात 'दे सेड' लिहिते. आणि उताऱ्यात 'ही' वाचल्यावर एवढ्या मोठ्या माणसाला एकेरी कसे, असे मनात येऊन दुसऱ्याच कोणाचा तरी शोध घेते. इंग्रजीत आदर सर्वनामातून दाखवत नाहीत, हे एकदा स्पष्टपणे सांगावे लागते. पुस्तकात ते कोठे लिहिलेले नसते. सरावासाठी प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामापर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावावा. दिवाळीनंतर मात्र पेन्सिल बाजूला ठेवून बोट फिरवूनच हे करायला शिकवावे, म्हणजे प्रश्नपत्रिकेवर खुणा करण्याची सवय राहणार नाही.

तिसरी गोष्ट जोडशब्दांची. 'ऑल्दो', 'अनलेस', 'डिस्पाइट', 'देअरफोर', 'हाउएव्हर', 'रादर दॅन' हे शब्द वाक्याची दिशा बदलतात, आणि मुले नेमके तेच गाळून वाचतात. 'अनलेस'मध्ये नकार आधीच असतो, तरी मूल आणखी एक नकार घालते. 'हार्डली' म्हणजे 'जोरात' असे मानणारी मुले मी दर वर्षी पाहतो, कारण 'हार्ड वर्क' त्यांना पाठ असते. 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत आणि नुसते 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीत, हा फरक त्यांना कोणी दाखवलेला नसतो. असे पंचवीस-तीस शब्द एका तक्त्यावर लिहून वर्गात लावावेत आणि रोज एकाचे वाक्य करून घ्यावे.

एक उतारा, अगदी जवळून

दिवाळीनंतर पूर्ण उतारे घ्यावेत. पद्धत कळावी म्हणून माझ्या वर्गासाठी मी लिहिलेला चार वाक्यांचा एक तुकडा येथे देवनागरीत देतो. तो रानपिंगळ्याबद्दल आहे.

'द फॉरेस्ट आउलेट, विच मेनी सायंटिस्ट्स हॅड गिव्हन अप फॉर लॉस्ट, वॉज सीन अगेन निअर शहादा इन १९९७. इट हॅड लास्ट बीन कलेक्टेड इन १८८४. ऑल्दो इट इज ॲन आउल, इट हंट्स मोस्टली बाय डे. अनलेस द ओल्ड ट्रीज आर सेव्हड, इट कॅनॉट नेस्ट, फॉर इट लिव्ज इन देअर हॉलोज.'

पहिल्या वाचनात एकही शब्द अडवायचा नाही. उतारा कोणाबद्दल आहे आणि चांगले झाले की वाईट, एवढेच मुलाने मराठीत सांगायचे. दुसरे वाचन कृती वाचल्यानंतर करायचे. कृती आधी वाचाव्यात की उतारा, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझा अनुभव असा की कमकुवत मूल कृती आधी वाचते तेव्हा ते उतारा वाचतच नाही, कृतीतला शब्द उताऱ्यात शोधते आणि तो सापडला की ती अख्खी ओळ उतरवून काढते. म्हणून आधी उतारा वाचण्याची सवय लावावी.

आता कृती पाहू. 'द फॉरेस्ट आउलेट हंट्स ओन्ली बाय डे' हे विधान चूक की बरोबर? वर्गातील बरीच मुले 'बरोबर' लिहितात, कारण 'हंट्स' आणि 'बाय डे' हे शब्द जुळतात. उताऱ्यात 'मोस्टली' आहे आणि विधानात 'ओन्ली'. चूक-बरोबरच्या कृतींत 'ऑल', 'ओन्ली', 'ऑल्वेज', 'नेव्हर' असा एखादा शब्द विधानात बेमालूम पेरलेला असतो, आणि त्याच्याशीच उतारा पडताळून पाहायचा असतो.

दुसरी कृती : हा पक्षी किती वर्षे शास्त्रज्ञांच्या हाती लागला नव्हता? उत्तराची ओळ उताऱ्यात नाहीच. १९९७ मधून १८८४ वजा करून ११३ काढावे लागतात. मूल म्हणते, 'सर, हे उताऱ्यात दिलेलं नाही.' त्या वेळी उत्तर सांगू नये. १९९७ कोणत्या वाक्यात आहे, १८८४ कोणत्या वाक्यात आहे, एवढेच विचारावे आणि थांबावे.

तिसरी : शेवटच्या वाक्यात 'देअर' कोणासाठी आले आहे? झाडांसाठी. 'सायंटिस्ट्स' असे उत्तर आले तर तो मुलगा बाण काढायला विसरला आहे. आणि 'गिव्हन अप फॉर लॉस्ट' हे शब्द कोणालाच ठाऊक नसतात. तरीही पुढचे 'सीन अगेन' पाहून बहुतेकांना कळते की पक्षी संपला असे सर्वांनी मानले होते. त्या क्षणी वर्गाला सांगावे की शब्दकोश न उघडता तुम्ही अर्थ काढलात. परीक्षेच्या वर्गात शब्दकोश नसतो, त्यामुळे हा विश्वास मुलाने आपल्याबरोबर न्यायचा असतो.

प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारत राहावे : 'हे कशावरून?' मुलाने त्या ओळीवर बोट ठेवलेच पाहिजे. उत्तर बरोबर असूनही बोट ठेवता येत नसेल तर ते अंदाजाने आलेले आहे, आणि अंदाज पुढच्या उताऱ्याला कामी येत नाही. घरी पालकांना इंग्रजी फारसे येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. शेतावरून दमून आलेल्या एका आईने वर्षभर मुलाच्या शेजारी बसून केवळ 'दाखव कुठं लिहिलंय' एवढेच विचारले, आणि त्या मुलाच्या अपठितातील कोऱ्या जागा पूर्वपरीक्षेपर्यंत भरलेल्या होत्या.

उरलेल्या कृती

शब्दसंपत्तीच्या कृतीसाठी शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्यापेक्षा एका शब्दाचे घराणे शिकवावे : 'कम्प्लीट', 'कम्प्लीशन', 'इन्कम्प्लीट', 'कम्प्लीटली'. विरुद्धार्थी शब्द, नामरूप, विशेषण असे जे काही विचारले जाते ते यातून आपोआप येते. व्याकरणाच्या कृतीत उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात लिहायला सांगावे आणि तुटक शब्द लिहू देऊ नयेत. वेब (मधल्या चौकटीतून फाटे काढलेली आकृती) किंवा तक्ता असेल तर आकृती उत्तरपत्रिकेत काढून तिच्या आत मजकूर भरावा. रिकाम्या आकृतीला गुण नसतात.

स्वमताची कृती सर्वांत सोपी असते आणि सर्वांत अधिक मुले तीच सोडून देतात किंवा उताऱ्यातील दोन ओळी उचलून लिहितात. वरील उताऱ्याखाली 'गावातील जुनी झाडे वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल?' असे विचारले, तर आपल्या शाळेमागचा वड, तोडायला निघालेली चिंच, ग्रामसभेला लिहायचे पत्र, असे स्वतःच्या परिसरातील काहीतरी तीन-चार छोट्या वाक्यांत यावे. तिसऱ्या गटातील मुलांना, म्हणजे ज्यांना समजते पण लिहिता येत नाही त्यांना, याच कृतीपासून सुरुवात करून द्यावी. आधी मराठीत बोलून घ्यावे, मग लहान वाक्ये. कर्ता, क्रियापद, आणि त्यानंतर उरलेले. लांब वाक्याचा अट्टहास करू नये.

सारांशाच्या ५ गुणांसाठी मुले उताऱ्यातील एकाआड एक वाक्य उतरवतात. त्याऐवजी उतारा झाकून मुख्य मुद्दा मराठीत दोन वाक्यांत सांगायला लावावा, नंतर उतारा उघडून एखादा मुद्दा सुटला आहे का ते पाहावे, आणि मग आपल्या शब्दांत इंग्रजीत लिहून घ्यावे. मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश लांबी पुरते. उदाहरणे, आकडे आणि संवाद सारांशात घेऊ नयेत. शीर्षक सर्वांत शेवटी द्यावे.

वेळ आणि सराव

३ तासांत ८० गुण, म्हणजे एका गुणाला साधारण सव्वादोन मिनिटे मिळतात. दहा गुणांच्या उताऱ्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त देऊ नयेत, म्हणजे लेखनकौशल्याला आणि शेवटच्या तपासणीला वेळ उरतो. डिसेंबरपासून आठवड्याला दोन अपठित उतारे घड्याळ लावून घ्यावेत. त्याहून अधिक घेऊ नयेत, कारण तपासून, चूक कोठे झाली ते मुलाबरोबर पाहून न झालेल्या उताऱ्यांच्या ढिगाचा उपयोग नाही. बाजारातील गाईडमध्ये उताऱ्याखालीच उत्तरे छापलेली असतात. ते वापरायचे असेल तर उत्तरांचे पान स्टेपल करून बंद करावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत; सातवी ते नववीच्या इंग्रजी पुस्तकांतील न वाचलेले उतारे आणि इंग्रजी वर्तमानपत्रातील छोट्या बातम्या यांवर स्वतः कृती तयार कराव्यात. स्वतः कृती तयार केल्याने नव्या शिक्षकांचा हातही बसतो. मुलांनाही एकमेकांसाठी कृती तयार करायला सांगावे. फसवे विधान लिहायला शिकलेले मूल फसव्या विधानाला सहसा फसत नाही.

प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या चुकांची नोंद ठेवावी : सर्वनाम चुकले, 'ओन्ली'कडे लक्ष गेले नाही, प्रश्नात 'व्हाय' होते आणि उत्तर 'व्हेन'चे लिहिले. जानेवारीतील पूर्वपरीक्षेनंतर नवीन काही शिकवायला घेऊ नये. ती नोंद काढावी, त्यात जी चूक तीन वेळा किंवा अधिक दिसते तेवढीच निवडावी आणि तिच्यावरच उरलेले आठवडे काम करावे. पेपरच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण उतारा सोडवायला देऊ नये. पूर्वी नीट समजलेला एखादा उतारा मुलाला स्वतःसाठी मोठ्याने वाचू द्यावा, ते शेवटचे पान एकदा नजरेखालून घालू द्यावे, आणि हॉल तिकीट व पेन दप्तरात आहेत ना, ते पाहून त्याला वेळेवर झोपू द्यावे.